कधीच न संपणारी मुदत

मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर, काम केलेल्या माणसासमोर ९९३६५ हा आकडा नुसता उच्चारला, तरी त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं. दिसायला ही साधी तारीख आहे. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे. म्हणजे १९९९ सालचा तीनशे पासष्टावा दिवस, ३१ डिसेंबर. पण आयबीएमच्या मेनफ्रेमवर टेपची मुदत म्हणून हा आकडा लिहिला की त्याचा अर्थ ‘ही टेप कधीही पुसायची नाही’ असा होतो. ९९३६६ चा अर्थही तोच. १९९९ हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे तो दिवस कॅलेंडरात उगवलाच नाही. पण त्याच्या नावाने राखलेल्या टेपा जगभर पडून आहेत.

ही खूण रूढ झाली तेव्हा १९९९ साल फार लांबचं वाटत असणार. मग ते आलं आणि गेलंही. वर्ष चार आकड्यांत लिहायची सोय झाली, तरी १९९९/३६५ चा अर्थ ‘कायम’ असाच राहिला. एखाद्या टेपची मुदत खरोखरच त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी संपावी असं कुणाला वाटलं असतं, तर तेवढी एक गोष्ट यंत्राला सांगायची सोय नव्हती.

बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या आणि सरकारी खाती यांचे हिशोब अजूनही मेनफ्रेमवर चालतात. तिथे टेपांच्या साफसफाईचं काम निघालं की गाडी लवकरच या आकड्यापाशी येऊन थांबते. यादीतल्या पुष्कळ टेपा ‘कायम’ या सदरात निघतात, आणि त्या कायम ठेवाव्यात असं कुणी बसून, विचार करून ठरवल्याचा पुरावा मात्र सापडत नाही.

या बाबतीत सरकारी कचेरीतला कारकून जास्त शहाणा म्हणायला हवा. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत फाइलीचं काम संपलं की तिला अ, ब, क, ड यांपैकी वर्ग मिळतो. अ वर्गाची फाइल कायम ठेवायची, ब वर्गाची तीस वर्षं, ड वर्गाची वर्षभराने नष्ट करायची. सहा गठ्ठा पद्धतीत तर नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा असतो. (तो किती कचेऱ्यांत वेळेवर हलतो, हे विचारू नये.) मुद्दा असा, की इथे वर्ग ठरतो तो काम संपल्यावर, आणि ते काम ठाऊक असलेल्या माणसाकडून. मेनफ्रेमवर सगळं उलटं. टेपची मुदत ठरते ती टेप लिहिली जाण्याआधी, जॉब (म्हणजे यंत्राला द्यायचं काम) तयार करताना, आणि ती लिहितो प्रोग्रामर. त्याला कंपनी कायदा ठाऊक नसतो, ठाऊक असावा अशी अपेक्षाही नसते. मुदत कमी लिहिली आणि डेटा उडाला तर त्याची नोकरी जाईल. जास्त लिहिली तर भुर्दंड वीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी पडेल. अशा वेळी कुणीही ९९३६५ च लिहील.

टेपचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर आयबीएमचं ७२६ हे टेपयंत्र १९५२ चं. अर्धा इंच रुंद प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर चुंबकीय लेप, आणि इंचाला शंभर अक्षरं. पुढे चोवीसशे फुटांची मोठी गोल रीळं आली आणि घनता इंचाला सहा हजार दोनशे पन्नास अक्षरांपर्यंत गेली. सिनेमांत कॉम्प्युटर म्हणून गरागरा फिरताना दिसतात ती हीच. १९८४ साली ३४८० नावाची चौकोनी, हातात मावणारी कार्ट्रिज आली. तिच्यात दोनशे मेगाबाइट मावत. २०२३ सालच्या आयबीएमच्या कार्ट्रिजमध्ये, साधारण तेवढ्याच आकारात, पन्नास टेराबाइट मावतात. म्हणजे अडीच लाख जुन्या कार्ट्रिजचा ऐवज एका हातात. मग जागा इतकी स्वस्त झाली असताना पुसायचा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जागेत नाही, ते पुढे येईल.

आधी टेप जवळून पाहू. प्रमाणित लेबलच्या टेपवर सुरुवातीला ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या काही नोंदी असतात. पहिलीत टेपचा सहा अक्षरी क्रमांक. त्यानंतरच्या नोंदीत फाइलीचं नाव, ती केव्हा लिहिली ती तारीख, आणि सहा जागांमध्ये मुदत संपण्याची तारीख. त्या सहांतली पहिली जागा शतकाची. ती कोरी असली तर एकोणीसशे, शून्य असलं तर दोन हजार. एका मोकळ्या जागेवर शंभर वर्षांचा फरक.

मुदत न संपलेल्या टेपवर कुणी लिहू पाहिलं, की यंत्र थांबायचं आणि ऑपरेटरच्या पडद्यावर प्रश्न यायचा : ‘यू’ की ‘एम’? यू म्हणजे वापर, एम म्हणजे टेप उतरव. रात्रपाळीत जॉब रखडलेला, सकाळी शाखा उघडायच्या आत काम संपवायचं, आणि कोऱ्या टेपा संपत आलेल्या. अशा वेळी एका अक्षराच्या उत्तरावर डेटाचं भवितव्य ठरत असे. कार्ट्रिजच्या आधीच्या रिळांना आणखी एक साधं संरक्षण होतं. रिळाच्या पाठीमागे प्लॅस्टिकची कडी बसवली असेल तरच टेपवर लिहिता यायचं. कडी काढून घेतली की टेप फक्त वाचण्यापुरती.

पुढे या सगळ्याचा हिशोब ठेवणारी सॉफ्टवेअरं आली. सीए-१ आणि आयबीएमचं आरएमएम ही त्यांतली मोठी नावं. प्रत्येक टेपवर काय आहे, कोणत्या जॉबने लिहिलं, शेवटची कधी वाचली, तिजोरीत आहे की रॅकवर, याची नोंद त्यांच्याकडे असते. ठरलेल्या वेळी, बहुधा रोज, एक जॉब चालतो, मुदत संपलेल्या टेपा शोधतो आणि त्यांना ‘स्क्रॅच’ ठरवतो. स्क्रॅच झालेली टेप पुन्हा लिहायला मोकळी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्क्रॅच होणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे. टेपवरचा डेटा जसाच्या तसा असतो, फक्त त्याच्यावर लिहायची परवानगी मिळालेली असते. लांबलचक जुन्या फाइलीवर छोटी नवी फाइल लिहिली तर जुनीचा उरलेला भाग पट्टीवर तसाच राहतो. नेहमीच्या पद्धतीने तो वाचता येत नाही, एवढंच.

मुदत फक्त तारखेनेच ठरते असंही नाही. सीए-१ मध्ये तारखेच्या जागी ९९००० लिहिलं तर अर्थ होतो, ‘कॅटलॉगमध्ये या फाइलीचं नाव आहे तोवर ठेव’. (कॅटलॉग म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यंत्राने ठेवलेली यादी.) ९९००५ लिहिलं तर शेवटच्या पाच आवृत्त्या ठेव. ९८ ने सुरू होणारे आकडे शेवटच्या वापरापासून दिवस मोजतात. तारखेच्या रकान्यात असे संकेत दडवणं त्या काळी चलाखीचं होतं. पण १९९९ साल जवळ आलं तेव्हा ९९००५ हा संकेत की ५ जानेवारी १९९९, हा प्रश्न खराखुरा उभा राहिला.

कॅटलॉगवर विसंबून राहण्यातही एक गंमत आहे. रोजच्या बॅकअपला एकच नाव दिलं आणि मागे आवृत्ती क्रमांक लावला, तर सोय चोख चालते : तीस आवृत्त्यांची मर्यादा घातली की एकतिसावी आली तेव्हा पहिली आपोआप कॅटलॉगमधून बाहेर. पण कुणी तरी हौसेने नावातच तारीख घातलेली असते, समजा ‘बॅकअप-डी९७०४१२’. त्या नावाची दुसरी फाइल कधी येणारच नाही, मग पहिली कॅटलॉगमधून जाणार कशी? रोज एक, वर्षाला तीनशे पासष्ट, आणि प्रत्येक कॅटलॉगमध्ये सुरक्षित. याच्या उलट प्रकारही भेटतो. आवृत्ती कॅटलॉगमधून गेली, पण टेपवर मुदत ९९३६५. नावाने शोधायला गेलं तर फाइल नाही, आणि रॅकवर टेप मात्र आहे. या अनाथ टेपा साफसफाईत सगळ्यांत आधी सापडतात, आणि त्यांच्याबद्दल विचारायचं कुणाला, तेच कळत नाही.

दिवस मोजून मुदत द्यायची झाली तर त्या रकान्यात जास्तीत जास्त ९९९९ मावत. म्हणजे सत्तावीस वर्षं आणि वर साडेचार महिने. १ जानेवारी १९९८ ला अशी मुदत देऊन लिहिलेली टेप १८ मे २०२५ ला स्क्रॅच होते. तो आकडा लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा ‘पुष्कळ’ एवढंच होतं. पुष्कळ संपतंही, आणि संपताना कुणाला विचारत नाही. म्हणून साफसफाई करणाऱ्याने ‘कायम’ टेपांइतकंच या ९९९९ वाल्यांकडे लक्ष द्यावं, असं माझं मत आहे. पहिल्यांत पैसा वाया जातो, दुसऱ्यांत खरंच हवी असलेली एखादी गोष्ट मुकाट्याने निघून जाऊ शकते.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते यादीपासून. टेप क्रमांक, फाइलीचं नाव, जॉब, लिहिल्याची तारीख, मुदत, शेवटच्या वाचनाची तारीख. जॉब आता अस्तित्वात आहे का, ते तपासायचं. फाइलीच्या नावाचा पहिला तुकडा कोणत्या खात्याचा, ते शोधायचं. मग त्या खात्याला विचारायचं. अमेरिकेतल्या कितीतरी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमचं रात्रीचं काम पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून चालतं, त्यामुळे ही विचारणा करणारी व्यक्ती पुष्कळदा मराठी असते. समोरून येणारं उत्तर मात्र सगळीकडे सारखंच : ‘सध्या ठेवा.’ खातं बंद झालेलं असतं, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते, ज्याने जॉब लिहिला तो निवृत्त झालेला असतो. आणि जो आज त्या खुर्चीत आहे, त्याने ‘पुसा’ म्हणण्यात त्याचा काहीच फायदा नसतो.

ही कोंडी फोडायचा चालणारा उपाय एकच दिसतो : प्रश्न उलटा विचारणं. ‘पुसू का?’ असं न विचारता ‘या प्रकारच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या?’ असं विधी विभागाला आणि लेखा विभागाला विचारायचं, आणि तेही टेप समोर न ठेवता. उत्तर आलं की ते नियम म्हणून एका जागी लिहायचं. आरएमएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीच्या नावावरून असे नियम लावता येतात, मग जॉबमध्ये प्रोग्रामरने काय लिहिलंय याला महत्त्व उरत नाही. तरीही लगेच स्क्रॅच करायचं नाही. टेप आधी काही महिने बाजूला ठेवायची आणि कुठला जॉब ती मागतो का, ते पाहायचं. तिमाहीचा जॉब तीन महिन्यांनी बोंब मारतो, वार्षिक जॉब एप्रिलमध्ये. म्हणून हे वाट पाहणं एक आर्थिक वर्ष उलटेपर्यंत तरी चालू ठेवावं.

कायदा काय सांगतो? आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात बँकांना व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं आहे. आधी ही मुदत दहा वर्षांची होती. सरकारी नोंदींसाठी केंद्राचा १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. केंद्राच्या कायद्यात पंचवीस वर्षांहून जुनी नोंद परस्पर नष्ट करायला मनाई आहे. हे झाले ‘ठेवा’ म्हणणारे कायदे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ मात्र दुसऱ्या बाजूने बोलतो : ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपलं आणि दुसरा कायदा ती राखायला सांगत नसेल, तर ती पुसा. म्हणजे ९९३६५ ही आता नुसती आळशी सवय राहिलेली नाही. व्यक्तिगत माहिती असलेल्या टेपवर ती कायद्याला छेद देऊ शकते.

पण जुनी टेप खऱ्या अर्थाने महाग पडते ती कोर्टात. न्यूयॉर्कच्या झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात २००३-०४ साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी जे निकाल दिले, ते आजही या विषयाचा पाया मानले जातात. खटला होणार अशी चिन्हं दिसू लागली की नेहमीचं पुसणं थांबवायचं, असा त्यांचा गाभा. त्या खटल्यात काही बॅकअप टेपा गायब होत्या, काही ईमेल पुसले गेले होते. २००५ साली ज्यूरीने फिर्यादी महिलेला दोन कोटी नव्वद लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. त्याच साली फ्लोरिडात मॉर्गन स्टॅनलीविरुद्धच्या खटल्यात उलट्या दिशेने फजिती झाली. सगळे ईमेल दिले, असं सांगून झाल्यावर ब्रुकलिनमध्ये एक हजार चारशे तेवीस बॅकअप टेपा निघाल्या. न्यायाधीशांचा विश्वास उडाला आणि ज्यूरीने एक अब्ज चाळीस कोटी डॉलरच्या वर निकाल दिला. २००७ साली अपिलात तो रद्द झाला, ही गोष्ट वेगळी. टेपांचा किस्सा मात्र वकिलांच्या तोंडी राहिला. ठेवलं कशाला आणि टाकलं कशाला, हे दोन्ही प्रश्न कोर्ट विचारतं. लिहून ठेवलेला आणि पाळलेला नियम असेल तर दोन्हींना उत्तर असतं. नसेल तर पुसणं संशयास्पद आणि ठेवणं बेफिकिरीचं ठरतं.

अति उत्साही साफसफाईचं सगळ्यांत हळहळ लावणारं उदाहरण नासाचं. अपोलो-११ च्या चांद्रपावलांचं मूळ, जास्त स्पष्ट चित्रण ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांवर एक इंची टेलिमेट्री टेपांवर साठवलं गेलं होतं. काही वर्षं शोध घेऊन २००९ मध्ये नासाने सांगितलं की त्या टेपा बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकात पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांची टंचाई होती आणि त्या गठ्ठ्यांत हजारो सामान्य टेपा होत्या. टीव्हीवर प्रक्षेपित झालेलं चित्रण इतरत्र होतं म्हणून निभावलं. इथे दुष्टपणा कुणाचाच नव्हता. लेबलवर यंत्रणेचा क्रमांक होता, आत काय आहे त्याचं मोल नव्हतं.

टेप ठेवली म्हणजे डेटा राहिला, हाही भ्रमच. एलटीओ या प्रचलित प्रकारात सातव्या पिढीपर्यंतची यंत्रं दोन पिढ्या मागच्या टेपा वाचत. आठवी आणि नववी एकच पिढी मागे. आणि यंत्र मिळालं तरी पुढे अक्षरांचा प्रश्न असतोच. मेनफ्रेमची अक्षरं एबसिडिक संकेतात. रकमा बहुधा आवळून लिहिलेल्या, प्रत्येक बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटी चिन्ह : १२३४५ ही रक्कम तीन बाइटांत ‘१२ ३४ ५सी’ अशी बसते. कोणता आकडा कुठे सुरू होतो आणि दशांश चिन्ह कुठे आहे, हे टेपवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते असतं कॉपीबुकमध्ये, म्हणजे कोबॉल प्रोग्रामसाठी नोंदींचा आराखडा लिहून ठेवलेल्या वेगळ्या फाइलीत. कॉपीबुक हरवलं असेल तर वीस वर्षं जपलेल्या टेपचा उपयोग शून्य. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याबाबत स्पष्ट आहे : इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवली असं म्हणायचं तर ती पुढे वापरता येण्याजोगी असली पाहिजे. साफसफाईच्या यादीत म्हणून आणखी एक रकाना हवा, ‘आज वाचता येते का?’

आता पुष्कळ ठिकाणी खरी टेप उरलेलीच नाही. १९९७ च्या सुमारास आभासी टेप आली. मेनफ्रेमला वाटतं की टेपवर लिहितोय. प्रत्यक्षात ते डिस्कवर जातं. जॉब तेच, सहा अक्षरी क्रमांक तेच, ९९३६५ ही तेच. भौतिक टेपा निदान रॅकवर दिसायच्या, जागा भरली की कुणी तरी तक्रार करायचं. आभासी टेपचा पसारा फक्त बिलावर दिसतो. शिवाय इथेही स्क्रॅच झालेला डेटा आपोआप जात नाही. त्या क्रमांकावर पुन्हा लिहिलं जाईपर्यंत तो जागा अडवून असतो. स्क्रॅच झाल्यावर इतक्या दिवसांनी खरंच काढून टाक, असं वेगळं सांगावं लागतं. मोठी साफसफाई करूनही जागा मोकळी का होत नाही, म्हणून डोकं खाजवणाऱ्यांनी आधी ही सेटिंग पाहावी.

खऱ्या टेपा टाकायच्या असतील तर त्या भंगारात देता येत नाहीत. २००५ साली टाइम वॉर्नरच्या बॅकअप टेपा वाहतुकीत हरवल्या, तेव्हा सहा लाख आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर असल्याची भीती निर्माण झाली. त्यानंतर टेपवर कूटबद्ध करून लिहिण्याचा आग्रह वाढला, पण जुन्या टेपा उघड्याच आहेत. त्यांना ताकदीच्या चुंबकातून काढावं लागतं किंवा यंत्रात घालून तुकडे करावे लागतात. नव्या कार्ट्रिजवर वाचनयंत्राला वाट दाखवणाऱ्या खुणाही चुंबकीयच असतात, त्यामुळे चुंबकातून गेलेली कार्ट्रिज पुन्हा वापरता येत नाही. एकेका टेपचा क्रमांक यादीशी ताडून, दोघांच्या सह्यांनी हे काम होतं, आणि कंत्राटदाराकडून प्रमाणपत्र घेतलं जातं. ते प्रमाणपत्र किती वर्षं ठेवायचं, तेही विधी विभागाला त्याच वेळी विचारून घ्यावं.